आई पुढे, आम्ही मागे

माझा धाकटा भाऊ न्यूजर्सीत एडिसनला राहतो. क्रेडिट कार्डावर वर्षानुवर्षं साठवलेले पॉइंट्स त्याने एकदाचे मोडले आणि आईसाठी मुंबई ते नेवार्क जाण्या-येण्याचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. पॉइंट्स एकाच तिकिटापुरते होते. आईचे दोन्ही गुडघे बदललेले, वय ऐंशीला टेकलेलं, आणि विमान थेट, म्हणजे पंधरा-सोळा तासांची बैठक. तेव्हा तिने पुढे आडवं होऊन यायचं आणि मी व माझ्या नवऱ्याने मागे इकॉनॉमीत बसून तिला सोबत करायची, असं ठरलं. ही सोबत नेमकी कशी करायची, ते कुणी विचारलं नाही. एकाच विमानात आहोत म्हणजे सोबतच, असं सगळे धरून चाललो होतो.

आईला पहिला प्रश्न पडला तो किमतीचा. पॉइंट्स म्हणजे फुकट नव्हे, हे तिला लगेच कळतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलंय तिने. त्या आसनाचा एरवीचा दर मी फोनवर दाखवला, तेव्हा तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा आकडा पाहिला आणि म्हणाली, "एवढ्यात तुझं वर्षभराचं वाणसामान भागेल की गं." पण लेकाने हौसेने काढलंय म्हटल्यावर पुढे काही बोलली नाही.

विमान कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या बाबतीत जे झालं ते थोड्याफार फरकाने बहुतेक कंपन्यांत होतं, त्यामुळे एकीलाच धरण्यात अर्थ नाही.

मुंबईत सहारच्या विमानतळावर आईसाठी व्हीलचेअर मागितली होती. तिथून थेट अमेरिकेला जाणाऱ्या कुठल्याही विमानाच्या दाराशी व्हीलचेअरची रांग पाहावी. लेकीचं बाळंतपण, नातवाची मुंज, सुनेची नोकरी, अशा नाना कारणांनी निघालेले आजी-आजोबा गुडघ्यावर पिशवी घेऊन बसलेले असतात. त्यांना सगळ्यांच्या आधी आत सोडतात आणि बरोबरच्या एका माणसालाही जाऊ देतात. म्हणून मला आईला तिच्या जागेवर नेऊन बसवता आलं. विमान रिकामं होतं, क्रूला घाई नव्हती. बेल्ट कसा लागतो, पाठ कशी आडवी होते, दिव्याचं बटण कुठलं आणि बोलावण्याचं कुठलं, हे सगळं मी दोनदा करून दाखवलं. घरून एका कार्डावर इंग्रजीत लिहून आणलं होतं: मधुमेह आहे, गुडघे बदललेले आहेत, मराठी आणि हिंदी बोलतात, मुलगी इकॉनॉमीत अमुक आसनावर आहे. ते तिच्या समोरच्या कप्प्यात दिसेल असं लावलं. पुढे सगळा प्रवास त्या कार्डाने तारला, हे आत्ताच सांगून ठेवते.

आईचं आसन म्हणजे एक छोटी खोलीच होती. दोन्ही बाजूंना खांद्याइतक्या उंच भिंती, समोर भलामोठा पडदा, पायांसाठी बोगदा. आसन पूर्ण सपाट होऊन पलंग व्हावा ही सोय बिझनेस क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली आणि मग बाकीच्यांनीही तिची री ओढली. त्याच्यानंतर भिंती वाढत गेल्या. पैसे देणाऱ्याला पलंगाइतकाच एकांतही हवा असतो. आईला मात्र एकांत हा प्रकार आयुष्यात कधी लागलेलाच नव्हता. भिंतीवरून मान उंचावून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "शेजारी कोण आहे ते कळायचं कसं?"

आमच्या जागा दोन वर्गांमधल्या पडद्यापासून बऱ्याच मागे होत्या. विमानाने उड्डाण करताना आणि उतरताना हे पडदे बाजूला बांधून ठेवतात. बाहेर पडायचे मार्ग दिसत राहावेत म्हणून. त्यामुळे विमान वर चढत होतं तेव्हा लांबून मला आईच्या आसनावरचा दिवा दिसत होता. बेल्टचा दिवा विझला आणि कुणीतरी येऊन पडदा ओढला.

जेवणाआधीची साखरेची गोळी आईच्या पर्समध्ये दिली होती. ती तिने घेतली का, एवढंच मला विचारायचं होतं. मी उठले, चालत गेले आणि पडद्याला हात लावला, तोच पलीकडून एक एअर होस्टेस पुढे आली. "मे आय हेल्प यू, मॅडम?" आई आहे पुढे, म्हटलं, औषधाचं विचारायचंय. "शी इज फाइन, मॅडम. प्लीज गो बॅक टू युअर सीट." बोलणं अगदी गोड, पण पाय दारात रोवलेला. माझ्यामागे जेवणाच्या गाड्या निघाल्या होत्या, त्यामुळे परत जातानाही एका गाडीला वाट देण्यासाठी कुणाच्या तरी मांडीवर जवळजवळ बसावं लागलं.

जागेवर येऊन मी धुमसत राहिले. नवरा म्हणाला, "तिचं काम करतेय ती." ते मलाही माहीत होतं. माहीत असल्याने धुमसणं थांबत नाही.

आपल्याला आगगाडीची सवय असते. माझे वडील बँकेत होते. कामासाठी मुंबईला गेले की त्यांना पहिल्या वर्गाचं भाडं मिळायचं. सुट्टीत आम्हीही बरोबर जायचो, पण दुसऱ्या वर्गाने. एका घरातली माणसं एकाच गाडीच्या दोन टोकांना, यात कुणालाच काही वाटत नसे. पुण्याकडे परतताना कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिनं जोडत. तेवढ्या वेळात वडील उतरून फलाटावरून चालत आमच्या खिडकीशी यायचे. बटाटेवडे घेऊन द्यायचे, भावाला खिडकीतूनच एक टपली मारायचे आणि शिट्टी झाली की झपझप आपल्या डब्याकडे जायचे. त्यांना कुणी अडवत नसे, कारण फलाट सगळ्यांचाच. विमानात मधे फलाट नसतो, तिथेच सगळी अडचण आहे.

नियमांमागे कारणंही आहेत आणि ती सगळीच पोकळ नाहीत. ११ सप्टेंबर २००१ नंतर वैमानिकाच्या कक्षाची दारं मजबूत झाली आणि त्या दाराकडे जाणाऱ्या वाटेवर क्रूची नजर आली. वैमानिक बाहेर येणार असला की वाटेत गाडी आडवी लावून ठेवतात, हे पुढे बसणाऱ्यांनी पाहिलं असेल. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत तर घोषणाच होते, की आपापल्या वर्गातलं स्वच्छतागृह वापरा आणि घोळका करून उभे राहू नका. दुसरं कारण झटक्यांचं. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान हवेत असं हादरलं की एक प्रवासी दगावला, कित्येक जण जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. अशा वेळी जो बेल्ट न लावता उभा असतो त्याचं डोकं छताला लागतं. आणि तिसरं कारण, जे घोषणेत सांगत नाहीत पण खरं तेच: पुढच्या माणसाने शांततेचे पैसे मोजलेत.

आईच्या शेजारच्या कप्प्यातला माणूस जेवण न घेताच डोळ्यांवर पट्टी बांधून झोपला होता. त्याच्या कानाशी मी "गोळी घेतलीस का?" करत उभी राहिले असते तर त्याने का सहन करावं? त्याच्या जागी मी असते तर मीही बटण दाबलं असतं.

पण हे सगळं मान्य केलं तरी ऐंशीची बाई एकटी आहे, इंग्रजी जेमतेम, आणि तिची सोबत पडद्याच्या चुकीच्या बाजूला आहे, हेही खरंच होतं. जेवणं आटोपल्यावर मी क्रूच्या प्रमुखाला भेटायचं ठरवलं. ती स्वतःच आली. तिच्या हातात माझं कार्ड होतं. पन्नाशीची, थोडी तुटक, अनेक वर्षं हेच काम केलेली बाई. तिने भानगड न वाढवता दोन वाक्यांत व्यवहार सांगितला: पुढची माणसं मागे कधीही येऊ शकतात, गाड्या वाटेत नसल्या आणि बेल्टचा दिवा नसला की झालं. मागच्यांनी पुढे यायचं तर आम्हाला विचारून, दिवे मंद झाल्यावर, थोडाच वेळ. मग म्हणाली, चला, आत्ता दहा मिनिटं.

मी तिच्या मागून गेले. आई पलंगावर ताठ बसलेली. पलंग उघडलेला, पांघरूण घडीत तसंच. जेवण छान होतं, म्हणाली. पांढऱ्या कापडावर वाढलं, खऱ्या काचेच्या पेल्यात पाणी दिलं, पण प्रत्येक गोष्ट वेगळी आणतात, संपेपर्यंत झोप आली. मी भिंतीला टेकून वाकून उभी होते, कारण बसायला जागाच नाही. कुजबुजत गोळ्यांचा हिशेब झाला. मग तिने खरी अडचण सांगितली. स्वच्छतागृहात ती जाऊन आली होती, पण दार नीट लागलं नाही म्हणून भीतीने तशीच बाहेर आली. विमानातल्या त्या घडीच्या दाराला कडी सरकवली की आतला दिवा मोठा होतो, हे मी सांगायला विसरले होते असं नाही, पण दाखवलं नव्हतं. सांगणं आणि दाखवणं यात वयाच्या त्या टप्प्यावर फार फरक पडतो. क्रूप्रमुखाने मान डोलावली, तेव्हा मी आईला पुन्हा घेऊन गेले आणि बाहेर उभी राहिले. दहाची पंधरा मिनिटं झाली. त्या बाईने घड्याळाकडे पाहिलं, बोलली काही नाही.

यानंतर मी पुढे गेले नाही. गरजच पडली नाही, कारण आई मागे यायला लागली.

पडद्याचा हा एकतर्फी न्याय तिला पहिल्याच फेरीत कळला होता. ती उठली की कुणी अडवत नसे. उलट पडदा बाजूला धरून देत. डॉक्टरांनी पायांत घट्ट मोजे घालून अधूनमधून चाला म्हणून सांगितलंच होतं. रक्त साकळायची भीती पुढे बसणाऱ्यालाही असतेच. तेव्हा आम्हाला भेटायला यायचं आणि पाय मोकळे करायचे, अशी आईची दोन्ही कामं एका खेपेत झाली. आसनांच्या पाठींना धरत धरत ती आमच्या रांगेपर्यंत आली. मी उठून तिला माझी कडेची जागा दिली आणि मागच्या पँट्रीपाशी जाऊन उभी राहिले. पिशवीतून तिने नवऱ्यापुढे एक चॉकलेट, एक अभ्रा घातलेली छोटी उशी आणि क्रीमच्या ट्यूबची कंपनीने दिलेली पिशवी ठेवली. "घ्या जावईबापू. तिथं नुसतं देतच असतात." नवऱ्याने उशी घेतली. खायच्या वस्तू इकडे आणलेल्या काही क्रूना आवडत नाहीत. आमच्याकडे एका चॉकलेटवर कुणी आक्षेप घेतला नाही.

तिसऱ्या आसनावर साताऱ्याच्या एक आजी होत्या. त्या एकट्याच मुलीकडे निघालेल्या, आणि आतापर्यंत आमच्याशी दोन वाक्यं बोललेल्या. आई बसली आणि पाच मिनिटांत दोघींचं गाव, नातवंडांची शिक्षणं, कुणाचा कुठला गुडघा आधी बदलला, इथपर्यंत मजल गेली. पुढच्या आसनावरचा तरुण मागे वळून हसला, मग हेडफोन लावले. मी लांबून पाहत होते. आईचा चेहरा विमानात शिरल्यापासून पहिल्यांदा सैल झाला होता.

अशा फेऱ्या झाल्या. दरवेळी क्रूतलं कुणीतरी तिला पडद्यापर्यंत सोडायला यायचं. एकदा बेल्टचा दिवा लागला तेव्हा ती माझ्या जागेवर होती आणि मी क्रूच्या एका घडीच्या आसनाजवळ अडकले. मग मला एका रिकाम्या जागेवर बसवलं. नियमाच्या दृष्टीने त्या अर्ध्या तासात इकॉनॉमीत एक माणूस जास्त होता आणि बिझनेसमध्ये एक पलंग रिकामा. कुणाचं काही बिघडलं नाही.

झोपली मात्र ती पुढेच, शेवटचे पाच-सहा तास. ते आसन वाया गेलं असं अजिबात म्हणणार नाही. नेवार्कला उतरली तेव्हा तिचे पाय सुजले नव्हते आणि माझे बुटात मावत नव्हते.

त्याच विमानात एक दुसरं कुटुंब पाहिलं. आई-बाप पुढे, दोन लहान मुलं आमच्या तीन रांगा मागे एका मावशींबरोबर. मावशी मुलांना सांभाळायला ठेवलेल्या होत्या. मुलगी असेल पाचेक वर्षांची. ती दर थोड्या वेळाने पडद्याकडे पळायची आणि तिला परत आणायला मावशी धडपडत जायच्या. बाप एकदा आला, मुलाच्या डोक्यावर हात फिरवला, फोटो काढला आणि गेला. कुणी कुठे बसावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, तिकिटं ज्याची त्याने काढावीत. पण पडदा ज्याच्यासाठी दोन्हीकडून उघडा आहे त्यानेच चालायला हवं, असं मला वाटतं. पाच वर्षांच्या मुलीला प्रत्येक वेळी अडवायचं आणि बापाने पंधरा तासांत एकदाच यायचं, हे काही पटलं नाही.

विमानातल्या या वर्गभेदाचा अभ्यासही झाला आहे. २०१६ मध्ये कॅथरीन डीसेल्स आणि मायकेल नॉर्टन या दोन संशोधकांनी विमानातल्या भांडणांच्या नोंदी तपासल्या आणि लिहिलं की ज्या विमानांत पुढचा उंची वर्ग असतो तिथे इकॉनॉमीत तंटे जास्त होतात, आणि मागच्यांना पुढच्या वर्गातून चालत जागेवर जावं लागलं तर आणखी. त्या निष्कर्षावर पुढे इतरांनी शंकाही घेतल्या. माझ्यापुरतं सांगायचं तर पुढचे पलंग पाहून मला हेवा वाटला, राग नाही आला. राग आला तो पडद्यावर हात ठेवल्यावर.

परतीच्या प्रवासात वेगळंच झालं. अमेरिकेत नवऱ्याची पाठ धरली होती. आईने विमानात बसल्यावर जाहीर केलं, की अर्धा प्रवास मी मागे बसते आणि जावई पुढे झोपतील. तिच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काही नव्हतं. बसमध्ये आपली जागा आपण कुणालाही देतोच. या वेळचा प्रमुख तरुण होता, अतिशय नम्र, आणि ठाम. आसन प्रवाशाच्या नावावर आहे, यादीत तशी नोंद आहे, जेवण आणि सेवा त्याच नावाने मोजलेली आहे. अदलाबदल करू देता येणार नाही. काही कंपन्यांत एकाच बुकिंगवरच्या माणसांना अशी परवानगी मिळते, काही ठिकाणी अजिबात नाही, आणि शेवटचा शब्द त्या दिवशीच्या क्रूचा असतो.

आईने त्याला हिंदीत समजावलं. "बेटा, तिकिट मेरा है. मैं नहीं सोऊँगी, ये सोएगा. आपका क्या ज्यादा जाता है?" तो म्हणाला, "माँजी, रूल है." आईने विचारलं, "और मैं वहाँ जाकर बैठूँ तो?" तो म्हणाला, आप जा सकती हैं. "मतलब मेरा पलंग खाली रहेगा, फिर भी ये नहीं सोएगा?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याने दिलंही नाही. नवरा इतका ओशाळला होता की त्याची पाठ आपोआप सरळ झाली.

माझं मत विचाराल तर तो मुलगा चुकला नाही आणि आईचा मुद्दाही चुकीचा नव्हता. कंपनी जागा विकत नाही, त्या माणसाला ती जागा विकते. बस आणि विमान यांत हा फरक आहे. आपल्या पिढीला तो पटतो. तिला शेवटपर्यंत पटला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. व्हीलचेअरवाल्यांना विमानात सगळ्यांच्या आधी नेतात, पण उतरवतात सगळ्यांच्या शेवटी. पुढच्या वर्गाचं तिकीट असूनही दोन्ही वेळा आई पूर्ण विमान रिकामं होईपर्यंत बसून होती. पडदा तेव्हा बांधलेला होता. मागून येता येता आम्ही तिच्यापाशी थांबलो, मला कुणी जा म्हटलं नाही आणि आम्ही तिघं एकत्रच उतरलो.

यावर्षी भाऊ पुन्हा पॉइंट्स जमवतोय. त्याला मी कळवून ठेवलंय आणि तुमच्याही घरी असा बेत चालू असेल तर सांगते: आई-वडिलांना स्वच्छतागृहाला, इंजेक्शनला किंवा जेवायला हाताशी माणूस लागत असेल तर त्यांना एकट्याने पुढे बसवू नका, सगळे मिळून मागेच बसा, किंवा एक पायरी खाली उतरून दोघांना बिझनेस आणि इकॉनॉमीच्या मधल्या वर्गात बसवा. ते स्वतःचं स्वतः करू शकत असतील तर पुढचं आसन जरूर घ्या. पण मागे बसणाऱ्याची जागा पडद्याला लागून, कडेची मागून घ्या, भेटीगाठींबद्दल कंपनीला आधीच विचारून ठेवा, एक कार्ड लिहून द्या आणि विमान सुटण्याआधी स्वच्छतागृहाचं दार एकदा लावून दाखवा.